मोठ्या आघातानंतर मन असे का वागते? किल्लारीच्या आठवणीतून काही समजुतीच्या गोष्टी



गणपती विसर्जन झाले आणि सप्टेंबर संपत आला, की आपल्या भागातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात किल्लारीचा विषय निघतोच. बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण, भालकी, औराद, हुमनाबाद आणि कलबुर्गी जिल्ह्यातला आळंद हे तालुके त्या भागाला लागूनच आहेत. उमरगा, निलंगा, औसा या तालुक्यांत आपल्या लेकी दिलेल्या आहेत आणि तिकडच्या सुना आपल्या घरात आहेत. त्यामुळे तो भूकंप महाराष्ट्रात झाला असे कागदावर म्हटले तरी त्याचे सुतक आपल्याही घरांत होते.

मंडळाच्या बैठकीत अनेकदा एक गोष्ट समोर येते. त्या पहाटेबद्दल घरातली मोठी माणसे घरे किती पडली, मदत कशी पोहोचवली, कोण कोण गेले हे सगळे सांगतात. पण नंतर स्वतःला काय झाले, हे कुणी सांगत नाही. रात्री दार उघडे ठेवून झोपण्याची सवय कधी लागली, पत्र्यावर मांजर उडाले तरी उठून बसण्याचे काय कारण, हे घरातल्या मुलांना माहीत नसते. "आजी पहिल्यापासून भित्रीच आहे" एवढेच त्यांना वाटते. हा लेख त्यासाठी आहे. मोठ्या संकटानंतर मनात आणि शरीरात काय होते, त्यातले किती आपोआप ओसरते, घरच्यांनी कसे वागावे आणि डॉक्टरांकडे केव्हा जावे, हे सोप्या भाषेत सांगण्याचा आम्ही प्रयत्न केला आहे.

ती पहाट

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून लोक उशिरा घरी आले होते आणि गाढ झोपेत होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावे जवळजवळ पूर्ण उद्ध्वस्त झाली. किल्लारी, सास्तूर, होळी, पेठसांगवी, मंगरूळ ही नावे तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडी बसली. मृतांची संख्या आठ हजारांच्या आसपास धरली जाते. काही अंदाज दहा हजारांपर्यंत जातात.

एवढी माणसे जाण्याचे मोठे कारण घरांची बांधणी हे होते. जाड दगडमातीच्या भिंती, वर लाकडी सरे आणि त्यावर मातीचे माळवद. गळू नये म्हणून पावसाळ्याआधी माळवदावर मातीचा नवा थर द्यायचा ही रीत. वर्षानुवर्षांच्या त्या थरांचे वजन झोपलेल्या माणसांवर आले. आपल्या तालुक्यांतली जुनी घरेही याच पद्धतीची. आपल्याकडे हादरा बसला तेव्हा अंगणात धावलेल्या प्रत्येकाने पुढे कित्येक दिवस आपल्याच घराच्या भिंतीकडे संशयाने पाहिले.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. किल्लारी परिसरात १९९२ पासूनच लहान लहान धक्के बसत होते. लोक घाबरले होते, काही दिवस बाहेर झोपलेही होते. मग काही झाले नाही म्हणून पुन्हा घरात गेले. भूकंपानंतर अनेकांना याच गोष्टीचा सल राहिला. आपण तेव्हा ऐकायला हवे होते, बाहेरच झोपायला हवे होते, असे ते स्वतःला म्हणत राहिले. पण मोठा धक्का कोणत्या रात्री बसेल हे कुणालाच ठाऊक नव्हते. आजही भूकंपाचा दिवस आणि वेळ आधी सांगता येत नाही.

किल्लारीनंतर आपल्या भागाने बरेच काही पाहिले. मार्च २०२० मध्ये देशातल्या कोरोनाच्या पहिल्या मृत्यूची नोंद कलबुर्गीत झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भीमेच्या पुराने नदीकाठच्या गावांना घर सोडायला लावले. ऑक्टोबर २०२१ मध्ये चिंचोळी तालुक्यातल्या गडिकेश्वर परिसरात जमिनीतून आवाज येऊ लागले, धक्के बसले. ११ ऑक्टोबरच्या धक्क्याची तीव्रता ४.१ होती. किल्लारीच्या मानाने तो फार लहान, तरी लोक घराबाहेर झोपले आणि अनेक कुटुंबांनी काही दिवस गावच सोडले. ज्यांनी १९९३ पाहिले होते, त्यांच्या दृष्टीने त्यात वेडेपणा काहीच नव्हता.

धसका म्हणजे काय

आपल्या भाषेत या अवस्थेला एक चांगला शब्द आहे: धसका. "त्याने धसका घेतला" असे आपण सहज म्हणतो. डॉक्टरांच्या पुस्तकात लांबलचक नावे आली त्याच्या कितीतरी आधीपासून लोकांना ही गोष्ट ठाऊक होती.

संकट आले की विचार करायला वेळ नसतो. मेंदूच्या आत बदामाच्या आकाराचा एक लहान भाग आहे. त्याचे काम धोका ओळखून ताबडतोब हाकाटी करण्याचे. ती हाकाटी झाली की रक्तात अ‍ॅड्रेनलिन उतरते, काळीज जोरात धडधडते, श्वास वाढतो, हातापायांकडे रक्त धावते आणि पोटातली भूक मरते. माणूस पळू शकतो, लढू शकतो, कधी कधी जागच्या जागी थिजतो. "आमचे पायच उचलले नाहीत" असे भूकंपातून वाचलेली माणसे सांगतात. तो भित्रेपणा नसतो. शरीर त्या क्षणी जे ठरवते त्यावर आपला ताबा नसतो.

अडचण पुढे येते. शेतात राखणीला असलेल्या कुत्र्याने एकदा रात्री चोर पाहिला, की पुढे काही दिवस ते पान हलले तरी भुंकते. मेंदूतल्या त्या राखणदाराचेही तसेच होते. संकट सरले तरी त्याला ते पटत नाही. जड ट्रक रस्त्यावरून गेला आणि खिडकीची तावदाने थरथरली, तरी तो जुनीच हाकाटी देतो. दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून पितात, ती म्हण इथे अक्षरशः लागू पडते. फुंकून पिणाऱ्याला आपण हसत नाही. मग दचकणाऱ्यालाही हसू नये.

पहिल्या दिवसांत काय काय होऊ शकते

झोप लागत नाही, लागली तरी त्याच वेळी मोडते. भूकंपानंतर कित्येकांना पहाटे चारच्या सुमारास जाग येत असे. तेच दृश्य पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येते. एखाद्या वासाने किंवा आवाजाने सगळे जागे होते. भूक लागत नाही, छाती भरून येते, हातपाय गळतात, डोके जड राहते. काहींना रडू आवरत नाही तर काहींना रडूच येत नाही आणि "आपण दगड झालो की काय" अशी शंका येते. विसरभोळेपणा येतो, गॅसवर दूध ठेवल्याचे भान राहत नाही. क्षुल्लक कारणावरून राग येतो. नमाजात, पूजेत, भजनात मन लागत नाही.

या सगळ्यांबरोबर एक न बोललेली गोष्ट असते, ती म्हणजे आपण वाचलो याचीच टोचणी. शेतावर जागलीला गेला म्हणून मुलगा वाचला आणि घरातली चार माणसे गेली. तो उरलेले आयुष्य स्वतःला विचारत राहतो, "मी तिथे का नव्हतो?" असे विचार येणे हे त्या माणसाच्या मायेचे लक्षण आहे. त्यात त्याचा गुन्हा नाही. मात्र हे त्याला कुणीतरी मोठ्याने सांगावे लागते. एकदा सांगून भागत नाही, पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

ही लक्षणे वेडाची नाहीत. भयंकर घटनेवर सरळसाध्या माणसाची ही स्वाभाविक प्रतिक्रिया आहे. बहुतेकांच्या बाबतीत आसपास माणसे असली, डोक्यावर सुरक्षित छप्पर आले आणि दिवसाची घडी बसली, की काही आठवड्यांत हे हळूहळू ओसरते. पूर्ण विसर पडत नाही, पण आठवण आली तरी दिवस मोडत नाही. महिना उलटून गेला, तरी लक्षणे तशीच आहेत किंवा वाढत आहेत, तर मग ती बाब डॉक्टरांना दाखवण्याची असते.

वर्षभराने ती तारीख आली, पुन्हा गणपती आले, ढोल वाजले, की बरे झालेले मनही दोनचार दिवस बिघडते. हेही नेहमीचेच आहे. आधीच माहीत असले की घाबरायला होत नाही. त्या दिवशी त्या माणसाला एकटे सोडू नये, एवढे घरच्यांनी पाहावे.

घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी काय करावे

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची एक मार्गदर्शिका काढली. तिचे सार तीन कामांत सांगता येते: पाहणे, ऐकणे आणि जोडून देणे.

पाहणे म्हणजे आधी धोका टळला आहे का, कुणाला जखम आहे का, कुणी एकटे पडले आहे का, याची खात्री. घाबरलेल्या माणसाला आधी कोरडे अंथरूण, चहा, भाकरी आणि आपल्या माणसांची बातमी हवी असते. उपदेश नंतर.

ऐकणे म्हणजे जेवढे ती व्यक्ती सांगेल तेवढेच ऐकणे. आपल्याकडे सांत्वनाला येणारा प्रत्येक जण "कसं झालं हो?" असे विचारतो आणि त्या बाईला दिवसातून वीस वेळा तेच सांगावे लागते. हेतू चांगला असतो, पण जखम दर वेळी उघडते. सगळे बोलून टाकले की मन मोकळे होते, म्हणून खोदून खोदून विचारावे, असा समज पूर्वी होता. लगेच आणि जबरदस्तीने बोलायला लावल्याने फायदा होत नाही, उलट त्रास वाढू शकतो, असे आता तज्ज्ञ सांगतात. जवळ बसावे. बोलली तर ऐकावे, गप्प राहिली तर आपणही गप्प राहावे. सोबत भाजी निवडावी.

काही वाक्ये टाळलेली बरी. "रडू नको", "पुरुषासारखा पुरुष असून", "देवाची मर्जी", "तू तरी वाचलास हे नशीब", "अमक्याचे तर सगळे घरच गेले". त्याऐवजी "मी इथे आहे", "आज रात्री आम्ही सोबत झोपायला येतो", "रेशनच्या कागदाचे मी बघतो" ही साधी वाक्ये उपयोगी पडतात.

जोडून देणे म्हणजे त्या माणसाला त्याच्या माणसांशी, मदत देणाऱ्या कार्यालयाशी, गरज असेल तर डॉक्टरांशी गाठ घालून देणे. नुकसानभरपाईचे अर्ज, पंचनामे, बँकेचे पासबुक यांत गोंधळलेल्या मनाला काही सुचत नाही. त्यातच भरपाईच्या पैशावरून भावाभावांत वितुष्ट येते. सोबत एक समजूतदार माणूस असला तर पुष्कळ त्रास वाचतो.

त्रास होत असलेल्या व्यक्तीने स्वतः काय करावे? जेवणाच्या आणि झोपेच्या वेळा शक्यतो ठेवाव्यात. जनावरांचे, शेताचे, घरचे जेवढे काम झेपेल तेवढे करावे. छातीत धडधड वाढली की जमिनीवर पाय टेकून बसावे, श्वास सावकाश घ्यावा आणि त्याहून सावकाश सोडावा. आसपास दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावे मनात घ्यावीत. मन त्या पहाटेतून आजच्या खोलीत परत यायला त्याने मदत होते. हरिपाठाची, भजनाची, वचनगायनाची सवय असेल तर ती सोडू नये. चार जणांत बसून एका लयीत म्हटल्याने श्वासही लयीत येतो. टीव्हीवरची पडझडीची दृश्ये आणि मोबाईलवरचे "आज रात्री पुन्हा धक्का बसणार" असे निरोप मात्र बंद ठेवावेत.

दारू, शिंदी किंवा स्वतःच्या मनाने घेतलेल्या झोपेच्या गोळ्या यांनी पहिल्या रात्री बरे वाटते आणि पुढे दुहेरी संकट उभे राहते. विशेषतः पुरुषांच्या बाबतीत दुःख रागाच्या आणि दारूच्या रूपाने बाहेर पडते. "तो फार बिघडला" असे म्हणण्याआधी तो कधीपासून बिघडला, हे आठवून पाहावे.

आपल्या हातात असलेली एखादी गोष्ट दुरुस्त केल्यानेही भीती कमी होते. भिंतीला गेलेले तडे गवंड्याला दाखवणे, माळवदावरची जादा माती उतरवणे, झोपण्याच्या जागेवरचे जड फडताळ हलवणे, बाहेर पडायची वाट मोकळी ठेवणे ही कामे घर जितकी सुरक्षित करतात तितकीच मनही सावरतात.

निरोप राहून गेला असेल तर

आपल्याकडे माणूस गेल्यावर राख सावडणे, दहावा, तेरावा असतो. लिंगायत घरांत समाधीची पूजा असते, मुसलमान घरांत जियारत आणि चाळिसावा असतो. या दिवसांत लोक येतात, बसतात, रडतात, जेवतात. दुःखाला एक वाट मिळते. किल्लारीत पावसात, ढिगाऱ्यांजवळ, अनेकांचे एकत्रच दहन करावे लागले. कोरोनाच्या काळात तर कित्येकांना आपल्या माणसाचे तोंडही पाहता आले नाही. असा निरोप राहून गेला की दुःख अडकून पडते. वर्षांनी का होईना, घरच्यांनी एकत्र बसून त्या माणसाच्या आठवणी काढल्या, त्याच्या नावाने एखादे झाड लावले, अन्नदान केले, तर उशीर झाला असे मानू नये.

लहान मुले

मुलांना सांगता येत नाही, ती वागून दाखवतात. मोठे झालेले मूल पुन्हा अंथरूण ओले करते, आईचा पदर सोडत नाही, शाळेत जायला रडते, पोट दुखते म्हणते. काही मुले दगडांची घरे रचून पाडतात आणि "भूकंप भूकंप" खेळतात. मोठ्यांना ते पाहवत नाही, पण मूल खेळातून समजून घेत असते. त्याला मारू नये, लाजवू नये. खेळात शेवटी कुणीतरी मदतीला येते, माणसे बाहेर निघतात, असा शेवट आपण त्यात घालू शकतो.

मुलाला खरे, पण थोडक्यात सांगावे. "आजोबा गावाला गेलेत" असे खोटे सांगितले की मूल वाट पाहत राहते आणि पुढे विश्वास गमावते. शक्यतो मुलांना ओळखीच्या माणसांपासून तोडू नये आणि शाळा लवकर सुरू करावी. किल्लारीनंतर या दिशेने मोठी कामे झाली. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी सुमारे १,२०० मुलांना पुण्याला नेऊन त्यांच्या शिक्षणाची सोय केली. आपल्या आळंदपासून जवळच असलेल्या नळदुर्गला राष्ट्र सेवा दलाच्या पन्नालाल सुराणांनी भूकंपात पोरक्या झालेल्या मुलांसाठी "आपलं घर" उभे केले. त्या मुलांना छप्पर आणि अन्न मिळालेच, शिवाय रोज ठरलेल्या वेळी वाजणारी शाळेची घंटाही मिळाली. विस्कटलेल्या लहान मनाला त्या घंटेचा मोठा आधार असतो.

डॉक्टरांकडे केव्हा जावे आणि कुठे

महिन्यानंतरही झोप नाही, तीच दृश्ये सुटत नाहीत, माणूस घराबाहेर पडत नाही, कामधंदा बंद पडला, दारू वाढली, खाणेपिणे सुटले, तर वाट पाहू नये. "आता जगून काय करायचे" असे शब्द आले तर महिनाही थांबू नये, त्याच दिवशी मदत घ्यावी आणि त्या व्यक्तीला एकटे ठेवू नये. जीव देण्याचा प्रयत्न झाला तर पोलीस केस होईल या भीतीने काही घरे गप्प बसतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असे माणूस तीव्र ताणाखाली होते असे गृहीत धरले आहे आणि त्याला शिक्षा न करता उपचार व आधार देण्यास सांगितले आहे.

मानसोपचारासाठी आता बेंगळुरूपर्यंत जावे लागतेच असे नाही. जिल्हा पातळीवर ही सेवा देण्याची कल्पना निम्हान्स संस्थेने १९८० च्या दशकात आपल्याच कल्याण कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यात राबवून पाहिली आणि पुढे १९९६ पासून ती देशभर नेण्यात आली. बीदरचे ब्रिम्स आणि कलबुर्गीचे जिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. मनोचैतन्य कार्यक्रमाखाली तालुका रुग्णालयांत मंगळवारी मानसोपचार तज्ज्ञ येतात. आपल्या तालुक्यातला दिवस आणि वेळ रुग्णालयात विचारून घ्यावी. घरबसल्या बोलायचे असेल तर टेलिमानस ही सरकारी दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते. वीस भाषांत ही सेवा मिळते, त्यात मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत.

भाषेचा मुद्दा आम्हाला महत्त्वाचा वाटतो. आपली मुले कन्नड उत्तम बोलतात, बाजारात आपणही बोलतो. पण दुःख सांगायची वेळ आली की माणूस आईच्या भाषेत शिरतो. भालकीची एखादी आजी डॉक्टरांना "काळजात धस्स होतंय, जीव वर-खाली होतोय" असे म्हणते. सोबतचा नातू घाईत त्याचे "छातीत दुखतंय" असे करून सांगतो. मग ईसीजी निघतो, तो चांगला येतो, आणि आजी तशीच घरी परत येते. म्हणून सोबत जाणाऱ्याने आजीचे शब्द गाळू नयेत. झोप येत नाही म्हणजे "निद्दे बरुत्तिल्ल", भीती वाटते म्हणजे "हेदरिके", एवढे तर आपण सांगू शकतो. भय आणि चिंता हे शब्द तर दोन्ही भाषांत जवळजवळ सारखेच आहेत. केव्हापासून, दिवसातून किती वेळा, आणि त्याआधी काय घडले होते, हे तीन मुद्दे घरूनच लिहून न्यावेत. १९९३ चा उल्लेख करायला विसरू नये. तीस वर्षांपूर्वीची गोष्ट आता कशाला, असे वाटू देऊ नका.

देवस्थानाबद्दलही थोडे बोलले पाहिजे. आपल्याकडे अशा माणसाला बाधा झाली, बाहेरचे लागले असे म्हणून गाणगापूरला किंवा दर्ग्यावर नेतात. श्रद्धेने मन शांत होते, चार दिवस घराबाहेर पडून बरे वाटते, याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. पण जाऊन आल्यावर डॉक्टरांकडे जायचे राहू नये, सुरू असलेल्या गोळ्या बंद करू नयेत, आणि त्या माणसाला बांधणे, मारणे, उपाशी ठेवणे असे काही कुणी सांगितले तर ते मुळीच करू नये. दत्तमहाराजांचा अंगारा आणि डॉक्टरांची चिठ्ठी यांत भांडण नाही.

एकमेकांचा आधार

किल्लारीच्या कथेतला एक भाग फारसा सांगितला जात नाही. भूकंपानंतर घरांची दुरुस्ती आणि बळकटीकरण करण्याचे मोठे काम सरकारने हाती घेतले, तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या महिला मंडळांना त्यात आणले. ज्या बायका आदल्या वर्षापर्यंत चारचौघांत बोलत नव्हत्या, त्या गवंड्याच्या कामावर देखरेख करू लागल्या, शेजारणींना घर कसे मजबूत करायचे ते सांगू लागल्या. पुढे जानेवारी २००१ मध्ये गुजरातेत कच्छला भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या काही बायका तिथल्या बायकांना भेटायला गेल्या. भाषा वेगळी होती. पण "आमचेही असेच झाले होते, आणि आम्ही उभ्या राहिलो" हे सांगायला त्यांना फार भाषा लागली नसावी.

यातून आपण शिकण्यासारखे आहे. दुसऱ्याला आधार देता आला की स्वतःचे दुःखही थोडे हलके होते. आपल्या मंडळात १९९३ पाहिलेली कितीतरी माणसे आहेत. गडिकेश्वरच्या धक्क्यांनी घाबरलेल्या, पुरात घर गमावलेल्या किंवा अपघातात माणूस गेलेल्या घरात जाऊन बसण्याचा अधिकार आणि समज त्यांच्याकडे आहे. तरुण सभासदांनी रुग्णालयात सोबत जाण्याची आणि दुभाष्याचे काम करण्याची तयारी ठेवली, तर कन्नड न येणाऱ्या आपल्या ज्येष्ठांची मोठी अडचण दूर होईल.

यंदा ३० सप्टेंबरला घरातल्या आजी-आजोबांजवळ थोडा वेळ बसावे, एवढीच सर्व सभासदांना विनंती. त्या रात्री काय झाले, हे विचारायची गरज नाही. "त्यानंतर तुम्हाला झोप लागायची का हो?" एवढेच विचारून पाहावे. त्यांना बोलावेसे वाटले तर ऐकावे. नाही वाटले तर चहा घ्यावा आणि थोडा वेळ सोबत बसून राहावे.